गुळाचे गाऱ्हाणे

मु. खालची वाडी, ता. मालवण
वैशाख शु. ५, शके १८८०

श्री. बाबलीदादा यांस,

सत्यवान मास्तराचा नमस्कार. (तो स्वीकारलाच पाहिजे असे नाही. उंबऱ्याबाहेर ठेवलात तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला कमी झाला का? देवगडला यंदा कलमे चांगली धरली असे बाजारात ऐकले, तेव्हा तुम्ही आंब्याच्या पेट्यांत बुडालेले असाल हे जाणून आहे. पस्तीस वर्षे मी शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवले. नमस्कार झाला की इकडचे खुशाल लिहायचे, मग तिकडचे विचारायचे. आज पहिल्यांदा माझा क्रम चुकला. तिकडचे आधी विचारून टाकले, कारण इकडचे काय लिहावे ते सुचेना. तुमची बहीण जाऊन दोन महिने होऊन गेले. बाराव्याला तुम्ही आलात, ओटीवर बसलात, आणि माझ्या घरचे पाणीही न घेता उठलात. मला त्याचा राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर ओटीवरही बसलो नसतो.

पण त्या दिवशी तुम्ही जे ऐकलेत ते हौसाबाईच्या तोंडून, म्हणजे अर्धे. (हौसाबाई ही आमची शेजारीण. वाडीत कोणाच्या तव्यावर काय आहे हे वासावरून सांगते.) पुरे मला एकट्यालाच ठाऊक आहे, आणि ते सांगायला मला मुंग्यांपासून सुरुवात करावी लागेल.

गेल्या वर्षी याच वैशाखात तुमची बहीण कळशीभर पाणी पिऊ लागली आणि तरी वाळत चालली. एक दिवस परसात न्हाणीमागच्या धोंड्यावर मुंग्यांची रांग लागलेली हौसाबाईने पाहिली आणि मला हाक मारून सांगितले, "मास्तरानू, बायलेक दाक्तराक दाखवा, तिका गोडाचो रोग आसा." मी हसलो. मुंग्यांच्या सांगण्यावरून रोग ठरवायला मी काय अडाणी होतो? आठ दिवसांनी मालवणच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितले. गोड बंद, भात कमी, दर महिन्याला येऊन दाखवा, असे बजावले. शिवाय घरी लघवी तपासायला एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली दिली. नळीत थोडे निळे औषध घ्यायचे, लघवीचे आठ थेंब घालायचे आणि उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि विटेसारखा लाल झाला तर भरपूर.

दादा, निवृत्त हेडमास्तराच्या हाती असे यंत्र कोणी देऊ नये. इतके दिवस मला तपासायला वह्या नव्हत्या, आता रोज सकाळी एक उत्तरपत्रिका मिळू लागली. शाळेतून उरलेल्या एका जुन्या हजेरीपटात मी तिच्या नावापुढे रंगीत पेन्सिलींनी चौकोन भरू लागलो. मागच्या पडवीत दिवा पेटवून, चिमट्यात नळी धरून मी बसलो की गडग्यापलीकडून हौसाबाई विचारी, "आमी चुलीर जेवाण शिजवतो, तुमी ह्या काय शिजवतास?" वाडीतली माणसे भेटल्यावर हवापाणी विचारायची सोडून आज रंग कोणता असे विचारू लागली. तुमची बहीण (मी नाव का लिहीत नाही ते पुढे येईल) लाजेने अर्धी होई. पण मी विज्ञानाचे काम करीत होतो. विज्ञानात लाजायचे काय?

त्याच सुमारास तुमची हापूसची पेटी आली. ती मी आल्या पावली वाडीत वाटून टाकली. तिने फक्त पेटीतले गवत मागून घेतले आणि गाईपुढे टाकले. मुठीमुठीने टाकत होती. प्रत्येक मूठ आधी नाकाशी नेत होती. मी ते पाहिले आणि हजेरीपटात शेरा लिहिला, 'गोडाची वासना आहे, लक्ष ठेवणे.'

आता माझी खरी चूक सांगतो. रात्री तिला मी नाचण्याची अर्धी भाकरी आणि पालेभाजी देत होतो. सकाळी पोटात पाण्याचा घोट जायच्या आत नळी तपासत होतो. आणि नळी लाल. रोज लाल. माझे गणित सरळ होते. भांड्यात नसलेली वस्तू भांड्यातून बाहेर येत नाही. साखर बाहेर येते आहे तर ती आत गेली आहे. मी दिली नाही, तर तिने घेतली आहे. इतके सोपे गणित तिसरीतल्या पोराला सुटले असते, आणि तिसरीतल्या पोरासारखाच मी ते सोडवले.

मी गुळाच्या डब्याला कुलूप लावले. पण कुलपावर माझा विश्वास नाही. आपल्याकडे खळ्यात भाताच्या राशीवर राखेचा ठसा उठवतात, म्हणजे कोणी मूठभर जरी काढले तरी ठसा मोडतो, तसा मी गुळाच्या ढेपेवर लाकडी ठसा दाबून वर राख भुरभुरली. रोज सकाळी आधी नळी पाहायची, मग ठसा पाहायचा. नळी लाल, ठसा अभंग! शहाण्या माणसाने इथे थांबून आपले गणित तपासले असते. मी निष्कर्ष काढला की ती हौसाबाईकडे जाऊन खाते. मग उसने विरजण मागायच्या निमित्ताने मी हौसाबाईच्या स्वयंपाकघरात शिरून तिचा गूळ न्याहाळून आलो. (तिने नंतर विचारले, विरजण राखेने माखलेल्या हाताने न्यायची पद्धत मास्तरांच्यात आहे काय.) आणि इकडे मी जेवण कमी करीत चाललो. भात बंद केला. भाकरी अर्धीची पाव केली. जेवढे कमी करावे तेवढी ती वाळत गेली आणि नळी लालच राहिली. श्रावण गेला, भाद्रपद गेला. ती एकच वाक्य बोले, "मिया खावक नाय." मी खाल्ले नाही. दुसरे काही नाही. रडलीसुद्धा नाही. मला वाटले, चोर सराईत आहे.

दसऱ्याला मी देवळात गाऱ्हाणे घातले. देवापुढे चारचौघांत गाऱ्हाणे घालताना माणसाचे नाव घ्यावे लागते. दादा, लग्नाला चौतीस वर्षे झाली होती आणि मी तिचे नाव चारचौघांत एकदाही घेतले नव्हते. आपल्यात घेत नाहीत. अहो-जाहो, अगं-तुगं यांवर संसार झाला. पहिल्यांदा मी ते उच्चारले ते देवळात, सगळ्या गावासमोर, आणि कशासाठी, तर 'तुळसा गूळ चोरून खाते' हे सांगण्यासाठी. ती खांबापाशी उभी होती. नाव ऐकताच तिने मान वर केली, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आनंदासारखे काहीतरी आले. मग पुढचे शब्द तिच्या कानावर पडले.

धोंडू गुरवाने देवाच्या पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला पाकळ्या चिकटवून कौल लावला, आधी कोणत्या अंगाची पडते ते पाहायचे. घरात गुळाचा चोर आहे काय? देवाने डावा कौल दिला, म्हणजे नाही. मी प्रश्न जरा नीट मांडायला लावला. पुन्हा डावा. तिसऱ्यांदा मी अटी घालून, शंकेला जागा न ठेवता विचारले. तिसऱ्यांदाही डावा. धोंडू वैतागला. म्हणाला, "मास्तरानू, देव काय तुमच्या शाळेत नाय. जबाब आवडाक नाय म्हणान कितीदा इचारतास?" लोक हसले. मला राग आला. देवाला नळीतले काय कळते, असे मी मनात म्हणालो आणि तिला शपथ घ्यायला लावली. तिने पाषाणावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, "आजपासून गोडाचो कण माझ्या तोंडाक लागलो, तर देवान माका बघान घेवचा." लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दिवाळीत मी तुम्हांला पत्र लिहिले. त्यात तिच्या चोरीबद्दल आणि माहेरच्या वळणाबद्दल काय लिहिले ते तुम्हांला पाठ असेल. तुमचे उलट टपाली उत्तर आले. तुमचा दोष नाही, हेडमास्तराने लिहिलेले खोटे कोण मानील? तिला वाचता येत नव्हते म्हणून मी ते मोठ्याने वाचून दाखवले. 'तुळसा, आपल्या आबांच्या नावाला बट्टा लावू नकोस' ही ओळ तिने मला पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, "दादान सोताच्या हातान लिवल्यान?" मी मोठ्या तोऱ्यात अक्षर दाखवले. अक्षर तिला ओळखता येत नव्हते, पण ती कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिली. त्यानंतर ती 'मिया खावक नाय' असेही म्हणेनाशी झाली.

मार्गशीर्षात ती तुळशीपाशी चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला वैशाखानंतर पहिल्यांदाच डॉक्टरांकडे नेले. सोबत हजेरीपट घेतला, पुरावा म्हणून. डॉक्टरांनी सगळी पाने उलटली. मी म्हणालो, पाहा, रात्रभर पोटात काही नाही आणि सकाळी लाल, आता सांगा ही चोरून खाते की नाही. डॉक्टरांनी पट मिटला. तिला बाहेर बाकावर बसवून मला जे सांगितले ते मी तुम्हांला माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांनी माझ्यासाठी ते आपल्या भाषेत आणले.

आगोट तोंडावर आली की आपण काय करतो? दर्या बंद होणार म्हणून सुकी मासळी, तांदूळ, मीठ, लाकडे सगळे माळ्यावर भरतो आणि पावसात लागेल तसे काढतो. शरीरही तसेच करते, पण वर्षातून एकदा नाही, रोज. जेवलो की रक्तात साखर येते. ती सगळी लागत नाही. उरलेली यकृत आपल्या माळ्यावर भरून ठेवते, आणि आपण झोपलो, उपास केला, की तिथून थोडी थोडी रक्तात सोडते. कारण डोक्याला साखर क्षणभरही नसून चालत नाही. हा माळा दिवसभर पुरतो, फार तर थोडा अधिक. तो रिकामा झाला की यकृत गप्प बसत नाही, अंगातल्या मांसाची साखर करू लागते. म्हणजे तोंडात कण न जाताही माणसाच्या रक्तात साखर असते आणि असावीच लागते. निरोगी माणसात यकृताला 'भर' आणि 'पुरे' सांगणारा एक रस पोटातल्या दुसऱ्या ग्रंथीतून येतो, इन्सुलिन म्हणतात त्याला. तुमच्या बहिणीत तो रस आटत आला होता. 'पुरे' म्हणणारे कोणी नाही, म्हणून यकृताला वाटे घरात दुष्काळ आहे, आणि ते रात्रभर साखर करीत सुटे. वरून मी खराच दुष्काळ पाडला. भाकरीची पाव भाकरी केली, तसे ते तिच्या दंडाचे, मांड्यांचे मांस वितळवून साखर करू लागले. रोज सकाळी मी नळीत जे लाल पाहत होतो तो गूळ नव्हता दादा. ती स्वतः होती.

डॉक्टर म्हणाले, मास्तर, तुमची बायको उपाशी होती. मी म्हणालो, पण ठसा मोडला नव्हता हे मलाही खटकत होते. काय बोललो मी! चोर नाही हे नळी सांगत होती, ठसा सांगत होता, देवाने तीनदा सांगितले, ती रोज सांगत होती. सगळे खरे बोलत होते. खोटा एकटा मीच.

आता लाजेची गोष्ट. इतके कळल्यावर घरी येऊन मी तिला काय म्हणालो असेन? "डॉक्टर म्हणतात, यकृताचा दोष आहे." एवढेच. चौतीस वर्षांच्या बायकोची माफी मागायच्या ऐवजी मी दोष यकृतावर ढकलला. ती म्हणाली, "मगे देवळात सांगान येतलास?" मी म्हणालो, शिमग्याला सगळा गाव जमेल, तेव्हा बघू. मला वाटत होते, हेडमास्तराने गावासमोर माझे गणित चुकले असे कसे सांगायचे? तीन कौल ऐकून हसलेली तीच माणसे. तिने पुन्हा विचारले नाही.

मग इन्सुलिनची सुई आली. डॉक्टरांनी मला टोचायला शिकवले. पहिले चार दिवस मी तवशावर, म्हणजे काकडीवर, सराव केला. (त्या तवशाची कोशिंबीर खायला हौसाबाईने नकार दिला.) पहिल्यांदा तिला टोचताना मी सुई तीनदा मागे घेतली, तेव्हा तीच म्हणाली, "माका दुखणा नाय, तुमीच भियातास." पौषात नळी निळी झाली. मी हजेरीपटात निळा चौकोन भरला आणि परसातून ओरडलो. पडवीभर उजेड होता, ती माझ्याकडे बघून हसली, आणि मला वाटले, सगळे निभावले. तिच्या अंगावर थोडे मांस चढले. ते दोन महिने, दादा, आम्ही सुखात होतो हे तुम्हांला कोणी सांगितले नसेल, म्हणून मी सांगतो.

डॉक्टरांनी मात्र बजावले होते. सुईने साखर जास्तही उतरू शकते. घाम सुटला, हातपाय कापले, बोलणे भरकटले, तर लगेच गूळ तोंडात टाकायचा. म्हणून मी स्वतः डब्याचे कुलूप काढले, ठसा मोडला आणि खडा तिच्या पदराला बांधला. तिने बांधू दिला. मला शपथ आठवली नाही. तिला आठवत होती.

महाशिवरात्रीला सकाळी आठला मी सुई दिली. ती नेहमी सुईनंतर पेज पिई. त्या दिवशी तिने उपास धरला होता आणि मला सांगितले नव्हते. उपासाची सवय तिची लहानपणापासूनची, तुमच्याच घरची. बाराच्या सुमारास ती घामाने निथळत भिंतीला टेकलेली मला दिसली. मी डब्यातला खडा आणला, तिच्या ओठांशी नेला. तिने तोंड फिरवले. "माका शपथ आसा." मी विनवले, ओरडलो, जबरदस्ती केली, तिने दात घट्ट मिटले. मग तुटक तुटक बोलली, "आदी देवाक सांगान सोडवा."

आणि मी मूर्ख, हौसाबाईला तिच्याजवळ बसवून देवळाकडे पळालो. धोंडू गुरव शिवरात्रीच्या गर्दीत महादेवाच्या देवळात. त्याला शोधला, ओढत आणला. कौल लावला, तो पडेना. शेवटी उजवा पडला, शपथ सुटली. मी धावत परत आलो तोवर ती बोलायची थांबली होती. हौसाबाईने साखरपाणी घातले ते ओठांवरून ओघळले. डॉक्टर दुपारी आले, शिरेतून ग्लुकोज दिले, पण डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली तर एरवी यकृत धावून येते, आपल्या माळ्यावरचे काढून देते. हिच्या माळ्यावर काही शिल्लक नव्हते, दोन महिन्यांत तो भरून निघाला नव्हता. तो कोणी रिकामा केला ते त्यांनी सांगितले नाही. सभ्य माणूस आहे.

नाव सत्यवान ठेवले आहे माझे. गोष्टीत बायको यमाच्या मागे जाऊन नवऱ्याला सोडवून आणते. इथे नवरा कौल लावत बसला.

हे सगळे लिहून झाले आणि मी रडलो, हे लिहायला आता मला लाज वाटत नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा अपराधी,
सत्यवान

ता. क. : पत्राचे कारण राहिलेच. येत्या पौर्णिमेला मी देवळात गाऱ्हाणे घालणार आहे. गावाला निरोप गेला आहे. तुळसाचे नाव मी दुसऱ्यांदा चारचौघांत घेईन आणि सांगीन की तिने गुळाला हात लावला नव्हता, चोर मी होतो, तिचे अन्न मी चोरले. धोंडू म्हणतो, गाव 'व्हय म्हाराजा' म्हणेलच, पण तिच्या माहेरचे माणूस हजर असावे, कारण आळ माहेरावरही गेला होता. पेट्या भरायचे दिवस आहेत, गुडघा दुखतो, लाँचचेही आगोटीपूर्वी थोडेच दिवस आहेत, सगळे ठाऊक आहे. तरी या. तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणालात तरच तिला ऐकू जाईल. माझा आवाज तिने पुष्कळ ऐकला. पाणी माझ्या घरचे नको असेल तर हौसाबाईकडचे घ्या.

आणखी एक : ट्रंकेत जपलेल्या तिच्या लुगड्याच्या पदराची ती गाठ मी अजून सोडली नव्हती. तिच्यातला गूळ पौर्णिमेला देवापुढे ठेवावा असे मनात होते. पत्र बंद करण्यापूर्वी गाठ हाताळली तर हलकी लागली, म्हणून सोडून पाहिली. आत काही नाही. कापडाला बारीक भोक आहे आणि ट्रंकेच्या कडेने मुंग्यांची रांग गेली आहे. गूळ शेवटी खरोखरच चोरीला गेला, दादा, आणि या वेळी मी कोणाला काही विचारले नाही. तेव्हा येताना एक खडा गूळ तुम्हीच घेऊन या. तुमच्या हातचा असला तर ती घेईल.